मायना आणि मजकूर

आमच्या जुन्या घराच्या माजघरात, देवघराच्या दाराशेजारी, तारेचा एक आकडा टांगलेला असे. खाली लाकडाची वाटोळी चकती, तिच्यातून वर आलेली जाड तार आणि तारेच्या टोकाला खुंटीत अडकविण्यापुरता बाक, एवढेच त्याचे रूप. आलेले पत्र सर्वांना वाचून दाखवून झाले, की आजोबा ते मधोमध धरून तारेच्या टोकावर टोचीत आणि खाली सरकवून देत. पत्राचा निकाल लागला, असा त्या क्रियेचा अर्थ होता. पुढे घर विकावयाची वेळ आली, तेव्हा भांडी, पितळी समया, पाट, इतकेच काय पण पाटा-वरवंटासुद्धा वाटणीत गेला. आकडा मात्र कोणी मागितला नाही. म्हणून तो माझ्याकडे आला. त्याच्यावर दोनशे चौदा पत्रे होती.

पत्रव्यवहार संपला आणि माणसे मनातले बोलेनाशी झाली, असे आपण हल्ली नित्य म्हणतो. प्रस्तुत लेखकानेही हे विधान दोन-तीन व्यासपीठांवरून केलेले आहे आणि त्यावर श्रोत्यांच्या, विशेषतः साठी ओलांडलेल्या श्रोत्यांच्या, टाळ्याही घेतल्या आहेत. आकड्यावरची पत्रे एका पावसाळ्यात क्रमाने वाचून काढल्यावर ते विधान पुन्हा करण्याचे धैर्य मला झालेले नाही. दोनशे चौदा पत्रांत कोणी मनातले बोललेले नव्हते. इंदूरचे काका, बडोद्याची आत्या, हुबळीकडची आजीच्या माहेरची मंडळी, मुंबईला नोकरीस असलेले वडील, सर्वांनी पन्नास वर्षे एकच पत्र लिहिले होते. इकडील सर्व क्षेम आहे, तिकडील क्षेम कळवीत जावे, मुलांचे अभ्यास ठीक चालले आहेत, पाऊस बरा किंवा बरा नाही, मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. तारेचे भोक प्रत्येक पत्राच्या मध्यावर पडले होते आणि प्रत्येक पत्रातला एक-एक शब्द त्यात गेला होता. पण त्याने कोठे काही अडले नाही. गेलेला शब्द कोणता असणार, हे मागच्या-पुढच्या पत्रांवरून न चुकता सांगता येत होते.

मग ही पत्रे लोक कशासाठी लिहीत होते? आणि ज्यात काही लिहिलेच नाही, ते पन्नास वर्षे तारेवर टोचून का ठेवीत होते?

पत्राच्या आरंभी जो नमस्कारादी भाग असतो, त्याला मराठीत 'मायना' म्हणतात. शब्द मूळचा अरबी आणि त्याचा मूळ अर्थ 'अर्थ' असाच आहे. हिंदी-उर्दूतला 'मायने' हा त्याचा सख्खा भाऊ. पत्रातल्या ज्या भागात अर्थ म्हणून काही नसतो, नेमक्या त्यालाच आपल्या पूर्वजांनी 'अर्थ' हे नाव द्यावे, यात भाषेची चूक झाली असे मी पूर्वी समजत असे. 'मजकूर' हाही अरबीच, म्हणजे 'उल्लेखिलेले'. तेव्हा आधी अर्थ आणि मग उल्लेख, असा मराठी पत्राचा क्रम आहे. हा क्रम फार जुना. दप्तरांतून पत्रे कशी लिहावीत, कोणास कोणता मायना योजावा, याचे नमुने देणारी 'मेस्तके' आपल्याकडे होती. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'तला एक सबंध समास लेखनक्रियेला दिला आहे, म्हणजे अक्षर, शाई, कागद, समास सोडणे या गोष्टी मोक्षमार्गाच्या ग्रंथात बसतात अशी त्यांची खात्री होती. पेशवाईतला कारकून 'राजमान्य राजश्री' कोणास आणि 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' कोणास, यात कधी चुकत नसे; चुकला तर त्याची नोकरी जाई आणि क्वचित एखादा सरदार रुसून बसे. मायन्यानंतर 'विनंती विशेष' हे शब्द येत आणि त्यांच्यापुढे खरी हकिकत सुरू होई. आपल्या 'सा. न. वि. वि.' मधले शेवटचे दोन 'वि' ते हेच. आजही कोणी भेटले किंवा दूरध्वनीवर आले, की आपण 'काय विशेष?' असे विचारतो. मायना झाला, आता मजकूर सांगा, असेच आपण त्याला म्हणत असतो. उत्तर बहुधा 'विशेष काही नाही' असे येते. आकड्यावरचे पत्रही तेच सांगत होते. शेवट 'बहुत काय लिहिणे' असा. काहीच न लिहिता 'आणखी काय लिहू' असे विचारण्याची ही सोय दुसऱ्या कोणत्या भाषेत इतक्या डौलाने केलेली असेल, असे वाटत नाही.

पण मायन्याला केवळ डौल समजणे ही मोठी चूक होईल. माणूस कोण आहे आणि त्याने कोठे उभे राहावयाचे, हे मायना ठरवीत असे. नमस्कार, आशीर्वाद, दंडवत, रामराम, जोहार, हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नसत. १७७९ साली पेशवे दरबाराच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने तेथील सोनारांना 'नमस्कार' हा शब्द अभिवादनासाठी वापरण्याची मनाई केली होती. एका चार अक्षरी शब्दासाठी एक राजसत्ता दुसऱ्या राजसत्तेशी लिहिणे-बोलणे करते आणि ती दुसरी, व्यापारासाठी सातासमुद्रापलीकडून आलेली, त्याप्रमाणे हुकूम काढते! महार समाजावर लादलेला 'जोहार' पुढे विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीने टाकला आणि त्या जागी 'जय भीम' आले. मायना बदलला म्हणजे काय बदलते, हे ज्यांनी तो बदलला त्यांना पक्के ठाऊक होते. ज्यांना तो कधी बदलावा लागला नाही, तेच त्याला औपचारिक म्हणतात.

स्त्रियांच्या बाबतीत तर मायना म्हणजे सबंध आयुष्यच. नावामागे 'सौ.' आहे की 'गं. भा.', एवढ्यावरून तिने काय नेसावे, कोणत्या पंगतीस बसावे, कोणत्या कार्याला पुढे यावे हे ठरे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा ठाव निश्चित लागला नाही, असे त्यांच्या पत्नी पार्वतीबाई अखेरपर्यंत मानीत राहिल्या. त्यांनी वैधव्य पत्करले नाही. १७६३ साली त्या वारल्या. त्या दोन-अडीच वर्षांत त्यांना पत्र लिहिणाऱ्या कारकुनाची लेखणी मायन्यापाशी क्षणभर तरी थबकत असेल. मजकूर सांगणारे पुष्कळ होते, मायना मात्र ती बाई स्वतः ठरवीत होती.

पानिपताचा विषय निघालाच आहे, तर त्या सुप्रसिद्ध पत्राकडे पाहणे प्राप्त आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. नानासाहेब पेशवे त्या वेळी फौजेनिशी उत्तरेच्या वाटेवर होते आणि त्यांना दहा दिवस काही कळले नव्हते. भेलशाजवळ सावकारी पेढीचा एक जासूद त्यांच्या हाती लागला. त्याच्याजवळच्या पत्रात दोन मोती गळाल्याचे, सत्तावीस मोहरा हरवल्याचे (हा आकडा सर्वत्र सारखा मिळत नाही) आणि रुपये व खुर्दा किती गेला याची गणती नसल्याचे लिहिले होते. सांकेतिक भाषा म्हणून हे पत्र शाळेत शिकवतात. सावकारांना गुप्तता हवी होती हे खरेच. परंतु मला नेहमी वाटत आले आहे, की त्या लिहिणाऱ्यास विश्वासराव आणि भाऊसाहेब ही दोन नावे 'मेले' या क्रियापदाशेजारी लिहिता आली नसती. लाखभर माणसांचा संहार त्याने तिजोरीच्या भाषेत लिहिला, कारण नुकसान लिहिण्याची ती एकच भाषा त्याला रोजच्या सवयीची होती. नानासाहेबांना मात्र अर्थ विचारावा लागला नाही. त्याच वर्षी, २३ जूनला, पुण्यात पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

वाईट बातमी सरळ लिहावयाची नाही, हा आपला शिरस्ता तेव्हापासूनचा आहे असे नव्हे. पण तो तेव्हाही होता. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

पेशवाईत पत्र नेणारे जासूद जोडीने जात. वाटेत एकाचे काही झाले तर दुसऱ्याने पुढे जावे, हा त्यातला हिशेब. दिल्लीचे वर्तमान पुण्यास पोचावयास पंधरवड्यापासून महिन्यापर्यंत काळ लागे. अर्थात हे टपाल राज्यकर्त्यांचे आणि सावकारांचे. कुणब्याच्या किंवा पुजाऱ्याच्या घरचे वर्तमान बाजारकरी, वारकरी आणि काशीयात्रेहून परतणारे लोक यांच्या तोंडी प्रवास करी. सामान्य माणसाच्या हाती पत्र आले ते १८५४ नंतर. त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून सबंध हिंदुस्थानात अंतर न पाहता एकच दर लागू झाला आणि अर्ध्या आण्याच्या तिकिटावर कोकणातले पत्र कलकत्त्यास जाऊ लागले. तिकीट न लावता टाकलेल्या पत्राला दुप्पट आकार पडे आणि तो घेणाऱ्याने द्यावयाचा असे. अशा पत्राला आपण 'नॉटपेड' म्हणू लागलो. काही धूर्त माणसे मुद्दाम नॉटपेड पत्र पाठवीत; पैसे वसूल करावयाचे असल्याने सरकार ते पत्र हमखास पोचवील, असा त्यांचा तर्क होता. सरकारविषयी इतका अचूक तर्क आपल्या लोकांनी क्वचितच केला असेल.

मग १ जुलै १८७९ रोजी कार्ड आले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. ऑस्ट्रिया-हंगेरीत पोस्टकार्ड निघून तेव्हा दहाही वर्षे झाली नव्हती. उघड्या कागदावर घरच्या गोष्टी लिहावयाच्या आणि त्या पोस्टमास्तरापासून पोस्टमनापर्यंत कोणीही वाचावयाच्या, ही कल्पना युरोपातल्या सभ्य लोकांना बराच काळ असभ्य वाटत होती. आपल्याकडे ती अडचण फारशी आली नाही. ज्या घरात पत्र मोठ्याने वाचले जाते आणि ऐकावयास शेजारीही येऊन बसतात, तेथे पोस्टमनाने ते आधी वाचले तर बिघडले काय? शिवाय लपविण्याजोगे त्यात काही नसेच. संक्षेप मोडी लिपीतही होते. कार्डाच्या तुटपुंज्या जागेने ते सक्तीचे केले. 'तीर्थरूप' चे 'ती.', 'चिरंजीव' चे 'चि.', 'कृतानेक साष्टांग नमस्कार' चे 'कृ. सा. न.' झाले. जागा थोडी, तरी मायना कोणी गाळला नाही; गाळला तो मजकूर. 'ता. क.' म्हणजे ताजा कलम हा मात्र कार्डाच्या कडेने, उभ्या ओळीत, मुंगीच्या पावलांनी लिहिलेला असे आणि माझ्या अनुभवात पत्रातला खरा मजकूर पुष्कळदा तेथेच सापडतो. बडोद्याच्या आत्याच्या एका कार्डात चौदा ओळी क्षेमकुशल आहे आणि कडेला 'ता. क. यांची नोकरी गेली' एवढेच.

लिहिणारे होते तरी किती? १९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात शंभरात सुमारे पाच माणसे साक्षर निघाली. पुरुषांत जवळजवळ दहा आणि स्त्रियांत हजारात सहा. म्हणजे पत्रव्यवहाराचा जो काळ आपण सुवर्णयुग म्हणून आठवतो, त्यात बहुतेकांची पत्रे दुसऱ्याने लिहिली आणि दुसऱ्यानेच वाचली. गावात हे काम शाळामास्तर करी, नाहीतर कुळकर्णी. मुंबईत जॉन बेग याने विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधलेले जनरल पोस्ट ऑफिस १९१३ साली पूर्ण झाले. त्याच्यासमोर छत्र्या उघडून पत्रलेखकांची रांग बसू लागली आणि ती पुढे अनेक दशके बसत राहिली. परक्या माणसाला आपले मनोगत सांगावयाचे, त्याने ते आपल्या शब्दांत लिहावयाचे, गावी दुसऱ्या परक्याने ते वाचावयाचे आणि घुंगटाआडून किंवा दाराआडून कोणीतरी ऐकावयाचे, अशा वाटेने मनातले काय आणि किती जाणार? या वाटेने जाऊ शकणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मायना. तो कोणीही लिहिला तरी बिघडत नव्हता, कोणीही वाचला तरी ओळखू येत होता.

मनीऑर्डरीचेही तेच. १८८० साली टपाल खात्याने ती सुरू केली आणि रत्नागिरी जिल्ह्यापासून मुंबईच्या गिरणगावापर्यंत पैशाची एक अदृश्य नदी वाहू लागली. कोकणाला 'मनीऑर्डरीवर जगणारा प्रदेश' हे नाव पडले, ते उपहासाने की करुणेने ते बोलणाऱ्यावर अवलंबून असे. मनीऑर्डरीच्या फॉर्माच्या तळाशी निरोपापुरती एक चिंचोळी पट्टी असे. साच्यावर आठ-दहा तास उभा राहणारा, भाड्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा माणूस त्या पट्टीवर काय लिहवून घेई? 'पैसे पावतील. म्हातारीस जपणे. चिंता न करणे.' पोस्टमन पैसे मोजून देई, अंगठा घेई आणि पट्टी फाडून हातात ठेवी. ती पट्टी पुष्कळ घरांत देवाच्या तसबिरीमागे खोचलेली असे. मजकूर म्हणाल तर पैसे हाच होता, पट्टी हा त्याचा मायना. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर कधी मिटलाच नाही. कोकणातल्या, साताऱ्या-सांगलीकडच्या वाड्यांवर पोस्टमन दारावरून पुढे जाऊ लागला, तेव्हा संपाचे वर्तमान कोणी लिहून कळवावे लागले नाही. पट्टी आली नाही, हेच पत्र.

या सगळ्या क्षेमकुशलाच्या रानात मनातले बोलणारे एखादे पत्र भेटते तेव्हा आपण दचकतो. मला असे दचकवणारी पत्रे डॉ. आनंदीबाई जोशी यांची आहेत. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातले नोकर. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. दुसऱ्यांची पत्रे पोचविणाऱ्या या विक्षिप्त माणसाने कोल्हापुरास असताना एका मिशनऱ्यास पत्र लिहिले. ते अमेरिकेत 'मिशनरी रिव्ह्यू' मध्ये छापले गेले आणि दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी ते सहज वाचले. दातदुखीने आपल्या इतिहासावर केलेला हा उपकार फारसा कोणी मोजत नाही. कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींची मावशी-भाचीची नाती कागदावरच जमली. १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवीधर झाल्या. या काळात नवरा-बायकोंतला बराचसा संसार पत्रांतून झाला. गोपाळरावांची पत्रे बोचरी आणि संशयी आहेत. एका उत्तरात आनंदीबाई दहाव्या-बाराव्या वर्षी त्यांच्या हातून खाल्लेल्या माराची, अंगावर फेकलेल्या वस्तूंची आठवण शांतपणे देतात, त्यांच्याविषयीची कृतज्ञताही त्याच शाईने लिहितात आणि तुमचे वागणे चांगले म्हणावे की वाईट, हे ठरविणे कठीण आहे असे सांगतात. हजारात सहा स्त्रियांना लिहिता येत होते, त्या काळात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने नवऱ्याला हे लिहिले. लिहिता आले ते दोघांमध्ये समुद्र होते म्हणून. आणि ही पत्रे माजघरात मोठ्याने वाचली जाणार नव्हती म्हणून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. त्यांची पत्रे आज आपणांस वाचता येतात, याचे श्रेय काशीबाई कानिटकरांना. त्यांनी लिहिलेले चरित्र या पत्रव्यवहारावर उभे आहे.

आता वाईट बातमीकडे परत येतो. लग्नाच्या पत्राला कोपऱ्यांवर हळद-कुंकू लावीत. मृत्यू कळविणाऱ्या कार्डाच्या माथ्यावर 'श्री' नसे आणि त्याचा एक कोपरा फाडलेला असे. वाचता न येणाऱ्यालाही ते कळे. पोस्टमनाला तर कळेच, आणि असे कार्ड तो आतून कोणी पुरुषमाणूस येईपर्यंत हातातच धरून ठेवी. वाचून झाले, की कार्ड लगेच फाडून टाकावयाचे आणि आंघोळ करावयाची. घरात ते ठेवीत नसत. तारांचा जमाना आला तेव्हा 'फादर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली' अशी तार येई. सिरीयस याचा अर्थ बहुधा सर्व आटोपले आहे असाच असे आणि निघणाराही ते जाणून निघे. तरी गाडीच्या डब्यात कोणी विचारले, तर 'वडील आजारी आहेत' असे तो सांगे. खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. गाव येईपर्यंत वडिलांना जिवंत ठेवण्याची ती सवलत तारखात्याने त्याला शब्दामागे ठरलेल्या दरात दिलेली होती. मोती गळाल्याचे लिहिणारा सावकार आणि तारघराच्या खिडकीशी उभा असलेला थोरला भाऊ, यांच्यात दोन शतकांचे अंतर असले तरी भाषेचे नव्हते. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा वृत्तपत्रांतून पुष्कळ हळवे लेख आले. ज्यांच्या घरी कधी तार आली होती, त्यांनी ते लिहिले असतील असे मला वाटत नाही. दारात 'तार' असा पुकारा झाला की घरातल्या बायका ती फोडण्याआधीच रडू लागत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखरीपेक्षा पत्र विश्वसनीय, हे सूत्र आपण मानत आलो. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेच्या पटवर्धनांची दप्तरे उलगडली. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. ज्या पत्रांवर साल नव्हते, त्यांची साले या माणसांनी मजकुराच्या धाग्यादोऱ्यांवरून बसविली. त्या मानाने आमच्या आकड्याचे काम सोपे; माणसे नुसते 'गुरुवार' लिहीत, पण पोस्टाचा शिक्का साल सांगे. अडचण निराळीच होती. आकडा वाचून असे दिसे, की आमच्या कुटुंबात १९२० पासून १९७० पर्यंत अकरा लग्ने झाली, सतरा मुले जन्मली आणि मेले कोणीच नाही. काका, आत्या, पणजोबा, देवीने गेलेली दोन मुले, बाळंतपणात गेलेली एक सून, ही सर्व माणसे पत्रांतून एखाद्या वर्षी नाहीशी होतात. 'नमस्कार सांगणे' च्या यादीतून त्यांचे नाव गळते, इतकेच. मृत्यूची सर्व कार्डे फाडलेली होती. लाखो घरांत ती अशीच फाडली गेली असणार. म्हणजे आपल्या सामान्य घरांचा जो लेखी इतिहास उरला आहे, त्यातून दुःख रूढीनेच काढून टाकलेले आहे. पूर्वीची माणसे समाधानी होती, असे जुनी पत्रे वाचून आपल्याला वाटते, ते का वाटते हे मला त्या पावसाळ्यात कळले.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिनकोड आला. तो बसविणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात काव्ये आणि नाटके लिहिणारे पंडित होते. एकाच नावाची गावे आणि पत्त्यांच्या नाना लिप्या यांतून वाट काढावयास व्याकरणाची सवय असलेला माणूस भेटला, हे योग्यच झाले. पुढे गावोगाव दूरध्वनीचे पिवळे ठोकळे उभे राहिले, मग ते खिशात आले. रजिस्टर्ड पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. आमच्या घरातल्या तरुण मंडळींचे निरोप मी चोरून पाहिलेले नाहीत, पण रोज सकाळी मला येणारे निरोप मी पाहतो. फुलांचे चित्र आणि शुभ प्रभात. पाठविणाऱ्याला काही सांगावयाचे नसते. पूर्वी या निरोपांवर मी चिडत असे. आता त्यात मला इंदूरच्या काकांचे हस्ताक्षर दिसते.

आकड्यावरच्या एका कार्डाविषयी मात्र सांगावयाचे राहिले. ते तळापासून तिसरे होते. हुबळीचा शिक्का, साल १९३८. माथ्यावर श्री नाही, कोपरा फाडलेला. आजीची आई वारल्याचे तीन ओळींत कळविले होते. लग्न झालेल्या लेकीला आईचे तीन दिवसांचे सुतक; ते संपण्याआधी कार्ड फाडले जावयास हवे होते आणि आजोबा रूढीला पक्के होते. शिवाय ते पत्र नेहमी मधोमध टोचीत. या कार्डाचे भोक मध्यावर नव्हते. ते अगदी कडेला, कोऱ्या जागेत, मजकुराच्या एकाही अक्षराला धक्का लागणार नाही अशा बेताने पाडलेले होते. आजीला अक्षरओळख नव्हती.